पिक्चर लग्नाच्या कॅसेटसारखा का दिसतो? : वाचकांचे प्रश्न

मागच्या अंकात नवीन टीव्ही घेताना काय बघावं यावर लिहिलं होतं, त्यात रिफ्रेश रेट (टीव्ही सेकंदाला किती वेळा चित्र बदलतो) आणि मोशन स्मूदिंग (हालचाल गुळगुळीत दिसावी म्हणून टीव्हीनं मधली चित्रं बनवून घालणं) यांबद्दल जेमतेम दोन ओळी होत्या आणि पत्रं आली ती सगळी त्या दोन ओळींवरच. त्यातली निम्म्याहून जास्त सोलापूरची. म्हणून यावेळी अख्खं सदर सोलापूरकरांच्या प्रश्नांना दिलंय. ज्यांचे प्रश्न सारखे होते त्यांचं एकच पत्र घेतलंय, आपलं पत्र दिसलं नाही तरी उत्तर यातच सापडेल.

प्रश्न : नमस्कार सर, दिवाळीला नवी पेठेतल्या एका दुकानातून ५५ इंची टीव्ही घेतला. बातम्या भारी दिसतात, पण पिक्चर लावला की काहीतरी विचित्रच दिसायलंय. म्हणजे क्लिअर आहे, पण पिक्चर वाटतच नाही, आमच्या लग्नाची शूटिंग बघायलोय असं वाटतं. हिरो पळायला लागला की जमिनीवरून सरकल्यासारखा पळतो. दुकानदाराला फोन केला तर म्हणतो पॅनलच तसं असतं, हाय क्वालिटी आहे म्हणून तसं दिसतं, सवय होईल. बायको म्हणते परत करा. खरंच पॅनल खराब आहे का? (एक वाचक, जुळे सोलापूर)

उत्तर : पॅनल म्हणजे टीव्हीचा पडदा, तो चांगला आहे, परत करायची काही गरज नाही. दुकानदारानं मात्र चुकीचं सांगितलं. याची सवय करून घ्यायची नसते, हे बंद करायचं असतं, आणि दोन मिनिटांचं काम आहे.

"लग्नाची शूटिंग" हे तुम्ही अगदी बरोबर पकडलंय, सगळं उत्तर त्या दोन शब्दांतच आहे. सिनेमा सेकंदाला २४ चित्रं या हिशोबानं शूट होतो. मूकपटांच्या काळात, म्हणजे दादासाहेब फाळके पिक्चर काढायचे तेव्हा, कॅमेऱ्याचं हँडल हातानं फिरवायचे, स्पीड थोडा कमीजास्त झाला तरी चालून जायचं. बोलपट आले आणि ते चालेना, कारण चित्राबरोबर आवाज पण चालवायचा तर स्पीड एकच पाहिजे, नाहीतर आवाज एकदा चिरका एकदा घोगरा. तेव्हा १९२० च्या दशकाच्या शेवटी २४ चा आकडा ठरला आणि आजपर्यंत तोच चालू आहे. भागवत थिएटरला लहानपणी जे काही बघितलं असेल ते सगळं २४ चंच.

आता लग्नाची शूटिंग. ती व्हिडिओ कॅमेऱ्यावर झाली, आणि व्हिडिओचा हिशोब आपल्याकडं ५० चा. आपली लाईट ५० हर्ट्झची (हर्ट्झ म्हणजे सेकंदाला किती वेळा), टीव्हीची पद्धत पण त्यालाच धरून ठरली, अमेरिकेत लाईट ६० ची म्हणून तिकडं टीव्ही ६० चा. तर लग्नाचा कॅमेरा सेकंदाला ५० वेळा टिपायचा, प्रत्येक वेळी अर्धं चित्र, एकदा एकआड एकच्या ओळी, मग मधल्या राहिलेल्या. अर्धं का असेना, हालचाल ५० वेळा पकडली जायची, म्हणून मांडवातली पोरं पळताना एकदम गुळगुळीत पळतात. दूरदर्शनच्या मालिका, बातम्या, बहुतेक सगळं त्याच जातीचं. तीसचाळीस वर्षं आपले डोळे हे बघत आलेत, त्यामुळं कुणी शिकवलं नाही तरी डोक्यात पक्कं बसलंय की २४ दिसलं म्हणजे सिनेमा आणि ५० दिसलं म्हणजे बातमी, मालिका नाहीतर कुणाचं तरी लग्न.

तुमचा टीव्ही काय करतो, तर सिनेमाची दोन चित्रं घेतो, त्यात काय कुठून कुठं सरकलं त्याचा अंदाज बांधतो आणि मधली चित्रं स्वतःच्या मनानं बनवून घालतो, हेच मोशन स्मूदिंग. पॅनल १२० चं, म्हणजे सेकंदाला १२० चित्रं दाखवणारं असेल तर त्यात २४ खरी आणि ९६ टीव्हीनं बनवलेली. म्हणजे पाचातली चार चित्रं कॅमेऱ्यानं कधी टिपलीच नाहीत. हिरो सरकल्यासारखा पळतो तो त्यामुळंच. अमेरिकेत याला मालिकेसारखं दिसणं अशा अर्थाचंच नाव आहे, सोप ऑपेरा इफेक्ट, म्हणजे त्यांच्या डोळ्यांना पण नेमकं तेच खटकलं जे तुमच्या बायकोला खटकलं. डिसेंबर २०१८ मध्ये टॉम क्रूझ आणि दिग्दर्शक ख्रिस्तोफर मॅक्वॉरी यांनी एक छोटा व्हिडिओ काढून लोकांना हात जोडून सांगितलं होतं की घरी सिनेमा बघताना हे बंद करा.

बंद कसं करायचं, तर प्रत्येक कंपनीनं त्याला वेगळं नाव दिलंय आणि लोकांना ते सापडत नाही त्याचं खरं कारण हेच. सॅमसंगमध्ये पिक्चरच्या एक्स्पर्ट सेटिंगमध्ये पिक्चर क्लॅरिटी, जुन्या मॉडेलात ऑटो मोशन प्लस. एलजीत ट्रूमोशन. सोनीत मोशनफ्लो, त्याच्याच शेजारी सिनेमोशन असतं, ते वेगळं आहे, त्याला हात लावू नका. बाकी बऱ्याच कंपन्यांत एमईएमसी नाहीतर मोशन या नावानं असतं. टीव्हीत फिल्ममेकर मोड असला तर सगळ्यात सोपं, ऑगस्ट २०१९ मध्ये टीव्ही कंपन्या, स्टुडिओ आणि दिग्दर्शकांनी मिळून तो जाहीर केला, तो लावला की हे सगळं आपोआप बंद होतं. फक्त चित्र थोडं पिवळसर आणि कमी भडक वाटेल, दोन दिवस तसंच ठेवून बघा, सिनेमाचा रंग तोच असतो.

एक गोष्ट लक्षात ठेवा, कारण यात निम्मे लोक फसतात आणि मग म्हणतात सर बंद केलं तरी तसंच आहे. हे सेटिंग बऱ्याच टीव्हीत प्रत्येक पिक्चर मोडला आणि प्रत्येक इनपुटला वेगळं असतं. सेटटॉप बॉक्सवर बंद केलं म्हणून टीव्हीतल्या ॲपवर बंद होईलच असं नाही. एचडीआर पिक्चर (उजेड-अंधार जास्त ठळक दाखवणारा) सुरू झाला की त्याचा आणखी वेगळा मोड. म्हणून ज्यावर जे बघता ते चालू करून, पिक्चर चालू असतानाच मेनू उघडा आणि तिथं बंद करा.

प्रश्न : सर टीव्हीच्या खोक्यावर २४० लिहिलंय, दुकानातला पोरगा म्हणाला १२० आहे, आणि कंपनीच्या साईटवर ६० हर्ट्झ दिसतंय. तिघांतलं खरं कोण? पैसे मी १२० चे दिलेत. (वाचक, होटगी रोड)

उत्तर : साईटवरचं. आणि तुमचा राग रास्त आहे.

पॅनल सेकंदाला किती वेळा नवीन चित्र दाखवू शकतं तो खरा रिफ्रेश रेट, इंग्रजीत नेटिव्ह रिफ्रेश रेट म्हणतात, आणि आजच्या घरगुती टीव्हीत तो सहसा ६० नाहीतर १२० असतो, काही महागड्या टीव्हीत १४४ पण. खोक्यावरचा मोठ्ठा आकडा मात्र बऱ्याचदा मोशन रेट, मोशन इंडेक्स असल्या नावानं असतो, त्यात पॅनलचा वेग, मधली बनवलेली चित्रं, मागच्या लाईटची उघडझाप असं सगळं मिळून कंपनीनं स्वतःच काढलेला आकडा असतो. तो मोजायची सगळ्यांना सारखी अशी पद्धत नाही, त्यामुळं एका कंपनीच्या २४० ची दुसरीच्या २४० शी तुलना होत नाही. आकड्यापुढं हर्ट्झ लिहिलंय का नुसताच आकडा आहे ते बघा, नुसताच असेल तर तिथंच शंका घ्यायची.

आता आणखी एक प्रकार आलाय. फोरके पॅनल ६० चंच, पण उभ्या दिशेनं अर्धं रिझोल्यूशन सोडून दिलं की १२० नं चालतं. त्याला डीएलजी म्हणतात आणि जाहिरातीत १२० ठळक असतं, डीएलजी बारीक. गेम खेळणाऱ्याला त्याचा थोडा उपयोग आहे, पण पूर्ण फोरके १२० समजून पैसे देऊ नका.

दुकानात विचारायचं असेल तर "१२० आहे का" असं विचारू नका, हो म्हणतील. मॉडेल नंबर पूर्ण लिहून घ्या, शेवटच्या अक्षरांसकट, कारण एकाच सिरीजमध्ये ४३ इंचीला ६० आणि ५५ इंचीला १२० असं असतं. मग कंपनीच्या साईटवर त्या नंबरचा नेटिव्ह रिफ्रेश रेट बघा. एचडीएमआय पोर्ट फोरके १२० घेतो का तेही तिथंच दिसेल. ३२ इंची साध्या टीव्हीत बहुतेक ६० च असतो, खोक्यावर काहीही असो. पावतीवर काय लिहून दिलंय ते पण बघा, पावतीवर १२० हर्ट्झ लिहिलं असेल तर दुकानदाराकडं ती घेऊन जाऊन बोलायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे, आणि इथून पुढं जो कोणी टीव्ही घेईल त्यानं हा आकडा पावतीवर लिहूनच घ्यावा.

प्रश्न : ताजा वाद घरातलाच आहे. मी तुमचंच ऐकून स्मूदिंग बंद केलं तर मुलगा आणि हे दोघं भांडायलेत की मॅचची मजा गेली, चालू कर. चालू केलं की मला बॉलच दिसत नाही, मधूनच गायब होतो, बॅटच्या कडेला पाण्यासारखं काहीतरी हलतं. कुणाचं ऐकू? (एक वाचक भगिनी, विजापूर रोड)

उत्तर : ताई, बॉल गायब होतो हे तुम्हाला दिसलं म्हणजे तुमची नजर दोघांपेक्षा तयार आहे.

मॅच मुळातच ५० च्या हिशोबानं येते. सेटटॉप बॉक्समधून येणारं स्पोर्ट्सचं एचडी चॅनल सेकंदाला ५० अर्धी चित्रं पाठवतं, टीव्ही त्याची ५० पूर्ण चित्रं करतो. म्हणजे सिनेमात जी कसर होती ती मॅचमध्ये नाहीच. आता साधा हिशोब करा, १४० किलोमीटर वेगानं टाकलेला बॉल एका सेकंदात साधारण ३९ मीटर जातो, म्हणजे सेकंदाच्या पन्नासाव्या भागात पाऊण मीटरच्या थोडं पुढं. एका चित्रात बॉल इथं, पुढच्यात जवळजवळ अडीच फूट पलीकडं. तो पडद्यावर ज्वारीच्या दाण्याएवढा, मागं रंगीबेरंगी प्रेक्षक. मधल्या चित्रात तो कुठं असेल याचा अंदाज टीव्हीला बांधायचाय, आणि बऱ्याचदा तो चुकतो, मग बॉल पुसून जातो. बॅटच्या कडेला पाणी हलतं ते पण तेच, बॅटच्या मागचं काय होतं ते कुठल्याच चित्रात नाही, टीव्ही ते कसंतरी भरून काढतो.

तुमचा टीव्ही ६० चा असेल तर वादच मिटला. ५० चित्रं येतायत, पॅनल ती ५० नं दाखवतंय, मध्ये घालायला जागाच नाही. मग चालू-बंदनं मॅचमध्ये काही फरक पडायला नको, पडत असेल तर सेटटॉप बॉक्स काहीतरी वेगळं पाठवतोय, त्याच्या सेटिंगमध्ये जाऊन आउटपुट १०८०आय ५० करून बघा. टीव्ही १२० चा असेल तर मेनूत दोन वेगळे स्लायडर सापडतील, डी-जडर (धक्के कमी करणारा) आणि डी-ब्लर (अंधुकपणा कमी करणारा), सॅमसंगमध्ये जडर रिडक्शन आणि ब्लर रिडक्शन. पहिला सिनेमासाठीचा, तो शून्य ठेवा. दुसरा मॅचसाठीचा, तो तीन-चारवर ठेवून बघा, दहावर कधीच नको. मुलाला गुळगुळीतपणा मिळेल, तुम्हाला बॉल दिसेल. मला विचाराल तर मी स्वतः मॅचला पण शून्यच ठेवतो, पण मॅचच्या बाबतीत मी कुणाशी वाद घालणार नाही, सिनेमाच्या बाबतीत घालेन.

आणि कॅमेरा बॉलच्या मागं सीमारेषेकडं पळाला की गवत हिरव्या चिखलासारखं दिसतं, त्याचा रिफ्रेश रेटशी संबंध नाही. चॅनलवाले सिग्नल फार दाबून पाठवतात, त्यात गवताची पाती टिकत नाहीत. कितीही महाग टीव्ही घ्या, ते तसंच दिसणार.

प्रश्न : आम्ही अशोक चौकात राहतो, घरात तेलुगू बोलतो, वडील रोज रात्री टीव्हीला लावलेल्या स्ट्रीमिंग स्टिकवर एक तरी तेलुगू पिक्चर बघतात. त्यांची सगळी जिंदगी यंत्रमागावर गेली, चादरीचे कारखाने. त्यांची तक्रार उलटी आहे. स्मूदिंग बंद केल्यापासून कॅमेरा आडवा फिरला की चित्र धक्के खात जातं, म्हणतात माग अडकल्यासारखं वाटतं. टीव्ही ६० हर्ट्झचा आहे. काय करू? (वाचक, अशोक चौक)

उत्तर : वडिलांना माझा नमस्कार सांगा. माग अडकल्यासारखं, यापेक्षा चांगलं वर्णन मला करता आलं नसतं.

यात दोन धक्के मिसळलेत, एक काढता येतो, दुसरा येत नाही. काढता येणारा असा. पिक्चरची चित्रं २४, टीव्ही दाखवतो ६०. ६० ला २४ नं भाग सरळ जात नाही, अडीच येतात. अर्धं चित्र तर दाखवता येत नाही, मग एक चित्र दोनदा आणि पुढचं तीनदा असं चालवतात. म्हणजे एक चित्र साधारण ३३ मिलिसेकंद थांबतं, दुसरं ५०, पुन्हा ३३, पुन्हा ५०. एक पाऊल आखूड एक लांब, लंगडत चालल्यासारखं. साध्या सीनमध्ये कळत नाही, पण कॅमेरा हळूहळू आडवा फिरायला लागला, मागं डोंगर नाहीतर देवळाचं गोपुर असलं, की लगेच दिसतं. १२० च्या पॅनलवर ही भानगड नाही कारण १२० भागिले २४ बरोबर पाच, प्रत्येक चित्र पाचदा, सगळी पावलं सारखी. सिनेमासाठी १२० चा खरा फायदा हा आहे, तो कुणी दुकानात सांगत नाही.

६० च्या टीव्हीवर काय करायचं, तर स्टिकचंच सेटिंग बदला. फायर टीव्हीत डिस्प्ले अँड साउंड्समध्ये डिस्प्लेच्या आत मॅच ओरिजिनल फ्रेम रेट असतं, गूगल टीव्हीच्या डब्यात ॲडव्हान्स्ड डिस्प्ले सेटिंगमध्ये मॅच कंटेंट फ्रेम रेट, ॲपल टीव्हीत मॅच कंटेंट. ते चालू केलं की स्टिक पिक्चर सुरू होताना टीव्हीला सांगते की हे २४ चं आहे. पडदा एक सेकंद काळा होईल, घाबरू नका. पुढं टीव्ही ते नीट सांभाळतो का हे टीव्हीवर आहे, ६० चे काही टीव्ही सांभाळतात काही नाही, आणि प्रत्येक ॲप पण हे ऐकत नाही. पण आधी हे करून बघायचं, फुकट आहे.

दुसरा धक्का २४ चा स्वतःचाच. कॅमेरा जोरात फिरवला तर सेकंदाला २४ चित्रांत मधलं बरंच सुटतं, म्हणून तर कॅमेरामन लोक कॅमेरा हळू फिरवतात. हा थिएटरात पण होता, आपण बघत आलोय.

वडिलांना मोशन स्मूदिंग समजावून सांगायचं असेल तर जेकार्डची, म्हणजे मागावर नक्षी विणायच्या यंत्राची, गोष्ट सांगा. चादरीवरचा मोर एकेका कार्डानं विणला जातो, प्रत्येक कार्डाला ठरवून भोकं, त्याप्रमाणे ताण्याचे धागे उचलणार आणि मग आडवा धागा जाणार. समजा कुणीतरी दोन कार्डांच्या मधे नवीन कार्ड घालायचं ठरवलं, डिझाईनवाल्याला न विचारता, नुसतं मागचं आणि पुढचं कार्ड बघून अंदाजानं भोकं पाडली. सरळ पट्टा असेल तिथं खपून जाईल. पण मोराच्या पिसाऱ्याच्या कडेला, जिथं रंग बदलतो, तिथं गफलत होणार आणि विणणाऱ्याच्या नजरेतून ती सुटणार नाही. टीव्ही हेच करतो. तरी पण वडिलांचे डोळे धक्क्यानं दुखत असतील तर डी-जडर एक नाहीतर दोनवर ठेवा, तेवढ्यानं लग्नाची कॅसेट होत नाही. त्यांना रोज बघायचंय, त्यांना त्रास झाला तर माझा नियम काय कामाचा.

प्रश्न : दीड लाखाचा ओलेड घेतला आणि त्यावर पिक्चर जुन्या एलईडीपेक्षा जास्त अडखळतो. असं कसं? (वाचक, सात रस्ता)

उत्तर : ओलेड फार चटपटीत आहे म्हणून. जुन्या एलईडी टीव्हीत एका चित्रावरून दुसऱ्यावर जाताना पिक्सल, म्हणजे चित्राचा एकेक ठिपका, हळू बदलायचा, त्यामुळं दोन चित्रं एकमेकांत थोडी विरघळायची आणि धक्का झाकला जायचा. ओलेडमध्ये पिक्सल लगेच बदलतो, चित्र ४२ मिलिसेकंद स्थिर उभं आणि मग एकदम पुढचं. दोष टीव्हीचा नाही. एलजीचा असेल तर ट्रूमोशनमध्ये सिनेमॅटिक मूव्हमेंट म्हणून पर्याय येतो, तो अगदी थोडीच मधली चित्रं घालतो. ओलेडवर तेवढी सूट मी पण घेतो.

प्रश्न : मोशन मेनूत एलईडी क्लिअर मोशन असं काहीतरी आहे. चालू केलं तर चित्र स्वच्छ होतं पण अंधारतं, आणि अर्ध्या तासात माझं डोकं दुखायला लागतं. (वाचक, बाळे)

उत्तर : मग बंद करा, डोक्यापेक्षा चित्र मोठं नाही. ते दोन चित्रांच्या मधे क्षणभर काळोख घालतं, म्हणून उजेड कमी होतो. त्यामागचा विचार मात्र चांगला आहे. आताचा टीव्ही प्रत्येक चित्र पुढचं येईपर्यंत धरून ठेवतो, आपली नजर मात्र हलत्या वस्तूबरोबर पुढं सरकत राहते, त्या ओढाताणीत चित्र पुसट होतं. जुन्या डब्बा टीव्हीत प्रत्येक ठिपका क्षणभर चमकून विझायचा म्हणून हालचाल इतकी रेखीव दिसायची, हे सेटिंग त्याचीच नक्कल करतं. पण तशी लुकलुक प्रत्येकाला सोसत नाही.

प्रश्न : आमच्याकडं व्होल्टेज वरखाली होतं. त्यामुळं रिफ्रेश रेट कमी होतो का? शेजारी म्हणतात स्टॅबिलायझर लावला की चित्र स्मूद होतं. (वाचक, अक्कलकोट रोड)

उत्तर : नाही. टीव्हीच्या आतला पॉवर सप्लाय आलेल्या लाईटचं डीसी करून घेतो, पॅनल किती वेळा बदलायचं ते टीव्हीचं स्वतःचं घड्याळ ठरवतं. टीव्हीच्या मागच्या लेबलवर किती व्होल्टपासून किती व्होल्ट चालतं ते लिहिलेलं असतं, तुमचं व्होल्टेज त्यात असेल तर ठीक. स्टॅबिलायझर टीव्ही जपायला लावा, चित्रासाठी नको.

प्रश्न : पीएस५ वर बटण दाबलं की गडी उशिरा उडी मारतो. मित्राच्या घरी असं होत नाही. (बारावीतला वाचक, सैफुल)

उत्तर : मधलं चित्र बनवायला टीव्हीला पुढचं चित्र आधी हातात लागतं, म्हणून तो आलेलं चित्र थोडं अडवून ठेवतो, तोच हा उशीर. गेम मोड लाव, स्मूदिंग बंद होईल आणि उशीर जाईल. तुझा टीव्ही खरंच १२० चा असेल तर केबल फोरके १२० लिहिलेल्या पोर्टलाच लाव, बऱ्याच टीव्हीत चारातले एक-दोनच तसे असतात. आणि बाबा रे, बारावी आहे.

प्रश्न : सर, आईवडिलांच्या १९९६ च्या लग्नाची कॅसेट होती, पंचवीस वर्षं कपाटात पडून. वडील आता नाहीत. आईसाठी म्हणून एका स्टुडिओत देऊन पेनड्राईव्हवर करून आणली. टीव्हीवर लावली तर माणूस हलला की त्याच्या कडेला कंगव्यासारख्या आडव्या रेघा येतात. दुसऱ्याकडून करून घेतली तर रेघा गेल्या पण सगळे झटके खात चालतात आणि चेहरे अंधुक झाले. आईला कॅसेट वाजायची तेव्हाची आठवण आहे, ती म्हणते तेव्हा असं नव्हतं. (वाचक, बाळीवेस)

उत्तर : आई बरोबर सांगतायत, तेव्हा असं नव्हतं, आणि पुन्हा तसं करता येतं.

वर पहिल्या उत्तरात सांगितलं तसं, कॅसेटमध्ये सेकंदाला ५० अर्धी चित्रं आहेत. पहिल्या स्टुडिओनं दोन-दोन अर्धी चित्रं एकमेकांत बसवून २५ पूर्ण चित्रं केली. पण ती दोन अर्धी एकाच क्षणाची नाहीत, त्यांच्यात सेकंदाच्या पन्नासाव्या भागाचा फरक आहे. तेवढ्यात वडिलांचा हात पुढं गेलेला असतो, म्हणून एकआड एक ओळीत हात इथं आणि तिथं, त्याच त्या कंगव्यासारख्या रेघा. दुसऱ्यानं त्या घालवायला प्रत्येक जोडीतलं एक अर्धं फेकूनच दिलं. रेघा गेल्या, पण हालचाल निम्मी झाली आणि ओळी पण निम्म्या, म्हणून झटके आणि अंधुक चेहरे.

तिसऱ्यांदा जाल तेव्हा असं सांगा. कॅसेट कॅप्चर करताना इंटरलेस्डच, म्हणजे अर्ध्या-अर्ध्या चित्रांचीच ठेवा, ७२० बाय ५७६, २५ फ्रेम, काही बदल न करता, आणि ती मूळ फाईल मला वेगळी द्या. मग त्यावरून डीइंटरलेस करून ५०पी ची एमपीफोर करा, प्रत्येक अर्ध्या चित्राचं एक पूर्ण चित्र. २५पी नको, ३० तर अजिबात नको. ज्याला ५०पी म्हणजे काय ते समजावून सांगावं लागतंय त्याच्याकडं कॅसेट ठेवून येऊ नका. आणि चित्र ताणून मोठ्या टीव्हीभर करू नका म्हणावं, कॅसेट चार बाय तीनची आहे, दोन्ही बाजूला काळे पट्टे राहू देत, नाहीतर सगळे वऱ्हाडी जाडे दिसतील.

घरी ती फाईल लावताना मोशन स्मूदिंग बंद ठेवा, यात गुळगुळीतपणा मुळातच आहे, टीव्हीनं घालायला नको. हा एक व्हिडिओ लग्नाच्या कॅसेटसारखाच दिसायला पाहिजे.

मूळ कॅसेट मात्र काम झालं म्हणून टाकून देऊ नका आणि माळ्यावर पण ठेवू नका, एप्रिल-मे मध्ये आपल्याकडं पत्र्याखाली काय तापतं ते तुम्हाला माहितीय. टेप पूर्ण एका बाजूला गुंडाळून घ्या, कव्हरमध्ये घालून कपाटात उभी ठेवा, स्पीकरपासून लांब.